धागा : पाण्याखालच्या गावाचे भूत कोणत्या भाषेत बोलेल?

वडगावची विणकर (मूळ लेख)

नमस्कार. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी मी भुताची एक रहस्यकथा लिहिते आहे आणि ती अर्ध्यावर येऊन अडली आहे, म्हणून हा धागा काढते. आमच्या बेळगावच्या मुलांना भुतांच्या ज्या गोष्टी वाचायला मिळतात, त्यांतले वाडे पुण्याकडचे असतात, नाही तर माडा-पोफळीतले. मुंजा, हडळ, समंध या मंडळींना आमच्या मुलांनी कधी परके मानले नाही. पण ती भुते जी मराठी बोलतात ती आमच्या गल्लीत कोणी बोलत नाही, आणि एकाही भुताला कन्नड येत नाही. ज्या जिल्ह्यात दूधवाल्यापासून बसच्या वाहकापर्यंत सगळे दोन भाषांत बोलतात, तिथले भूत तेवढे एकभाषी कसे, हा प्रश्न माझ्या धाकट्याने विचारला आणि मला गोष्ट सापडली.

गोष्ट अशी आहे. मुक्ता अकरा वर्षांची, वडगावात राहणारी, मराठी माध्यमात शिकणारी. घरात यंत्रमाग आहे, त्यामुळे तिला शांततेची सवयच नाही. वीज गेली आणि माग थांबला की तिला जाग येते. तिच्या आज्जीचे माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलेले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आज्जी तिला घेऊन नव्या वसाहतीत भावाकडे जाते. मे महिन्यात पाणी उतरते आणि जुन्या गावाची वाट उघडी पडते. शेजारचा बसू कन्नड शाळेत जातो; दोघांची मैत्री होते. रात्री पाण्याच्या बाजूने एक आवाज येतो आणि त्यातले दोनच शब्द कळतात : ‘दारी… बा…’

मुक्ताला त्याचा अर्थ लगेच लागतो, कारण तिचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले आहेत : दारी बा आला आहे. बसूलाही अर्थ लगेच लागतो, पण निराळा. कन्नडमध्ये ‘दारी’ म्हणजे वाट आणि ‘बा’ म्हणजे ये. एकच हाक, दोन मुले, दोन निरोप. इथपर्यंत माझे मला आवडले. पुढचा उतारा मात्र मला स्वतःलाच पटत नाही. तो असा :

‘पाण्यावर चांदणे पसरले होते. एवढ्यात पाण्याच्या पोटातून देवळाच्या घंटेचा आवाज आला. ठण्‌… ठण्‌… मुक्ताचे अंग शहारले. “बसू, ऐकलास की?” “ऐकलो की,” बसू कुजबुजला. घंटा वाजतच होती.’

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गाव खरे घ्यावे की कल्पित? आणि शेवटी किती उलगडावे? सगळे उलगडले तर भूत मरते आणि काहीच उलगडले नाही तर मुलांना फसवल्यासारखे वाटते, या कोंडीतून मला अजून वाट मिळालेली नाही.

मलप्रभेकाठी

विषय छान आहे. आपल्या मनात हिडकलचे धरण असावे असे वाटते. घटप्रभेवरच्या त्या जलाशयात हुन्नूर गावाचे विठ्ठल मंदिर बुडालेले आहे आणि पाणी खूप खाली गेलेल्या उन्हाळ्यात ते बाहेर येते; मग हुक्केरी, संकेश्वर, बेळगाव अशा सगळीकडून लोक ते पाहायला जातात. दगडी बांधणीचे ते देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्यात राहूनही उभे आहे. त्यामुळे आपल्या कथेची पाळेमुळे खऱ्या जमिनीत आहेत याची खात्री बाळगा.

तरीही गाव कल्पितच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांची घरे गेली ती माणसे अजून आहेत, त्यांच्या देवळात भूत घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. तपशील मात्र खरे ठेवा. कर्नाटकातल्या शाळांना एप्रिलच्या पूर्वार्धात सुट्टी लागते आणि मेअखेरीस त्या पुन्हा भरतात. जलाशय सर्वांत रिता असतो तो नेमका याच काळात. जूनमध्ये घाटावर पाऊस लागला की पाणी चढू लागते आणि वाट पुन्हा बुडते. म्हणजे शाळेची घंटा आणि पाणी या दोन्ही मुदती आपल्याला आयत्या मिळाल्या आहेत. साहसकथेला मुदत लागतेच. ती खलनायकाने घालून देण्यापेक्षा पावसाने घालून दिलेली बरी.

घाटाखालचा

मी थोडा निराळा विचार मांडतो. पाणी सोडा आणि खानापूरच्या जंगलात या. रहस्यासाठी जे हवे ते सगळे तिथे आहे. हलशी ही एके काळी कदंबांची राजधानी. जुने नाव पलाशिका. तिथल्या भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, म्हणजे एका देवाची नजर दुसऱ्या देवावर आणि मध्ये उभा राहणारा माणूस दोघांच्या नजरेत. ही रचना पाहून ज्याला गोष्ट सुचणार नाही त्याने लिहू नये! शिवाय भीमगडच्या रानात, तळेवाडीजवळ, बारापेडे गुहा आहेत. रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ प्रथम तिथेच सापडले. १९१३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि त्यानंतर कितीतरी दशके ते जगात फक्त याच एका ठिकाणी आहे असे समजले जात होते. मुक्तपुच्छ कुळातल्या काही वटवाघळांचे आवाज माणसाच्या कानांना ऐकू येतील इतके खालच्या पट्टीतले असतात, आणि वय वाढते तसे माणसाला वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. म्हणजे असा आवाज रचता येईल की जो मुलांना ऐकू येतो आणि मोठ्यांना येत नाही. मोठी माणसे ‘काही नाही, झोपा’ म्हणतात ती खोटे बोलत नसतात, त्यांना खरोखरच काही ऐकू येत नसते. याहून चांगले भूत कोणते?

वडगावची विणकर

घाटाखालचे, मुलांनाच ऐकू येणारा आवाज मी उचलते आहे, आधीच सांगून ठेवते. गुहा मात्र नको. ज्या गुहेत जगातली एक दुर्मीळ जात राहते तिथे दोन पोरे टॉर्च घेऊन घुसली असे लिहिले, तर पुढच्या सुट्टीत खरी पोरे टॉर्च घेऊन निघतील. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथे असे जाताही येत नाही. आणि माझ्या गोष्टीतली वाट फक्त पाणी उतरल्यावर दिसते, ती मला जंगलात कुठून मिळणार?

फिरता फळा

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून एक रसभंग करतो, क्षमा असावी. पाण्याखाली वाजणारी घंटा काठावरच्या माणसाला ऐकू येणार नाही. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर आणि पाण्यात सुमारे १५०० मीटर असतो. पाणी हवेपेक्षा कितीतरी पट घन. दोन माध्यमे इतकी भिन्न असली की ध्वनी त्यांच्या सीमेवरून परततो आणि पाण्यातला जवळजवळ सगळा आवाज पाण्यातच राहतो. नदीत बुडी मारल्यावर काठावरच्यांचे बोलणे नाहीसे होते, तेच उलट बाजूने घडते. शिवाय पाण्यात बुडलेल्या घंटेला हलवणार कोण आणि तिची लोळी आदळणार किती जोरात? आपल्या वाचकांत सातवीतला एखादा तरी असा निघेल की जो हे लिहून पाठवेल.

पण विज्ञान आपल्याकडून काढून घेते तेवढेच परतही देते. उन्हाळ्याच्या रात्री जलाशयावरची हवा थंड असते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर असतो. अशा वेळी ध्वनीचा मार्ग खाली वाकतो, आणि सपाट पाण्यावर अडवायला ना झाड, ना घर. दिवसा जे बोलणे शंभर पावलांवर विरते, ते रात्री पलीकडच्या तीरावरून स्पष्ट येते. त्यामुळे आपले ‘दारी… बा…’ हे पलीकडच्या काठावर मेंढरे राखणाऱ्या एखाद्या धनगराचे बोलणे असू शकते. मुलांना हे हळूहळू शोधून काढू द्या : पहिल्या रात्री आवाज आला, दुसऱ्या रात्री वारा होता म्हणून आला नाही, तिसऱ्या रात्री वारा पडला आणि पुन्हा आला. बसूने वहीत वारा, वेळ आणि चंद्र यांची नोंद ठेवावी. वही असली म्हणजे मुलांचे शोधकार्य खरे वाटते.

हुक्केरीचा पाहुणा

माझी मातृभाषा कन्नड, शिक्षण निपाणीत मराठीतून झाले. म्हणून या धाग्यावर मला थोडा हक्क आहे असे समजतो.

‘दारी’ आणि ‘बा’ हे दोन्ही आपण बरोबर घेतले आहे, पण एक गोष्ट सुटली. आमच्या भागात वडीलधाऱ्या माणसाला कोणी ‘बा’ म्हणत नाही, ‘बर्री’ म्हणतात. ‘बा’ हे लहानाला, बरोबरीच्याला किंवा घरच्या माणसाला. म्हणजे ती हाक ऐकल्याबरोबर बसूला तीन गोष्टी कळायला हव्यात : बोलावणारा कन्नड जाणतो, ज्याला बोलावले आहे तो त्याच्या जवळचा किंवा लहान आहे, आणि बोलावण्यात राग नाही. हे मुक्ताला कळणार नाही, ते बसूने सांगावे लागेल. उलट ‘दारी’ या शब्दात दाराशी कोणी तरी थांबले आहे हा जो मराठी अर्थ आहे, तो बसूला कधीच सुचणार नाही. दोघांनी एकमेकांना शब्द उसने दिल्याशिवाय कोडे सुटत नाही, अशी मांडणी ठेवली तर बसू हा नायिकेच्या मागे पिशवी धरून चालणारा मित्र उरणार नाही. मराठी गोष्टींत कन्नड माणूस बहुधा विनोदाला नाही तर विरोधाला आणतात, हे लहानपणापासून पाहत आलो आहे, म्हणून बोललो.

आणखी एक शब्द देतो, फुकट. कन्नडमध्ये भुताला ‘देव्व’ म्हणतात आणि देवाला ‘देवरू’. मी पहिलीत असताना वर्गातला एक मराठी मुलगा आमच्या घरी आला. माझी आजी म्हणाली, मागच्या चिंचेखाली जाऊ नका, तिथे देव्व आहे. तो भक्तिभावाने गेला आणि हात जोडून उभा राहिला. आजीने ते पाहिले आणि ती इतकी हसली की पुढे ती त्या चिंचेला स्वतःच नमस्कार करू लागली.

वडगावची विणकर

पाहुणे, ही चिंच मला देऊन टाका.

हुक्केरीचा पाहुणा

दिली की.

अंगणातली शाळा

सगळे रंगात आले आहेत तेव्हा विरजण घालायला नको वाटते, तरी एक पालक म्हणून लिहिते. भुताच्या गोष्टी मुलांनी वाचाव्यात की नाही यावर मला वाद घालायचा नाही. आम्हीही त्या वाचूनच वाढलो. माझी हरकत एका ठरावीक पात्राला आहे आणि ते पात्र अजून या गोष्टीत आलेले नाही, पण येईल असे वाटते : मंतरलेले लिंबू हातात घेतलेला, सगळे जाणणारा मांत्रिक. कर्नाटकात जादूटोणा आणि अमानुष प्रथांविरुद्ध २०१७ साली कायदा झाला, महाराष्ट्रात तो २०१३ सालीच झाला होता. कायदा असूनही भानामतीच्या नावाने बायकांचे हाल होतात, आणि अशा घरांतली मुलेही पुस्तके वाचतात. भूत कितीही खरे दाखवा. त्याच्या नावावर पैसे घेणारा माणूस मात्र खरा ठरता कामा नये.

भीतीबद्दलही एक सांगते. नव्वदच्या दशकात कर्नाटकात ‘नाळे बा’ची आवई उठली होती. रात्री ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक येते, ओ दिली की माणूस जातो, म्हणून लोक दारावर ‘नाळे बा’, म्हणजे उद्या ये, असे लिहून ठेवत. भूत रोज येणार, रोज वाचणार आणि रोज परत जाणार. आमच्या गल्लीत एका घरावर ते खडूने लिहिलेले मी लहानपणी पाहिले आहे. त्या घरात कन्नड कोणालाच वाचता येत नव्हते, अक्षरे कोणाकडून तरी काढून घेतलेली होती. मला भीती वाटली ती भुताची नाही. आपल्या दारावर काय लिहिले आहे हे आपल्याला वाचता येत नाही, याची वाटली. ही भीती सीमाभागातली खास भीती आहे. ती जमली तर घ्या.

कौलारू घर

अंगणातली शाळा यांनी लिहिलेले वाचून थोडा वेळ गप्प बसलो. धन्यवाद.

माझे सांगणे व्यवहाराचे आहे. जलाशयाचा उघडा पडलेला तळ म्हणजे मैदान नव्हे. वरून गाळ वाळून त्याच्या खापऱ्या झालेल्या असतात, कडा वर वळलेल्या, पाय ठेवला की कुरकुर वाजतात. आणि पाण्याच्या जवळ गेले की त्याच खापऱ्यांखाली चिखल ओला असतो. कॉलेजात असताना मी असाच एकदा गुडघ्यापर्यंत गेलो. पाय निघाला, चप्पल निघाली नाही, ती अजून तिथेच असेल. घाबरून पाय जोरात ओढला की दुसरा पाय आणखी खाली जातो. आडवे पडून, अंगाचा भार पसरून, हळूहळू सरकत मागे यावे लागते. भुतापेक्षा हा गाळ मुलांना जास्त घाबरवेल आणि तो पूर्ण खरा आहे. जुनी वाट खडी आणि दगड घातलेली असल्यामुळे टणक राहते, आजूबाजूची शेते मात्र गिळतात. म्हणजे ‘वाट, ये’ हा निरोप ज्याला कळला तो वाटेवरून चालेल आणि वाचेल. ज्याला ‘दारी बा’ ऐकू आले तो सरळ घराकडे धावेल आणि रुतेल.

फिरता फळा

कौलारू घर, आपण तर या कथेचा कणाच सांगितलात.

घाटाखालचा

मी अजून हट्ट सोडलेला नाही, पण हलशी सोडून दिली. वाटेच्या कडेला एक शिलालेख ठेवाच. जुन्या दानलेखांच्या शेवटी शापाचा श्लोक असतो, तो शेकडो लेखांत जवळजवळ सारखाच येतो : जो दुसऱ्याची किंवा स्वतः दिलेली जमीन हिरावून घेईल तो साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होऊन जन्मेल. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी दगडावर गाढवाचे चित्र कोरत, त्याला गद्धेगाळ म्हणतात. मुलांना हा शाप फार आवडेल, कारण त्यात विष्ठा आहे. आणि मोठ्यांना प्रश्न पडेल की सगळे गावच पाण्यात घालणाऱ्याला हा शाप लागतो की नाही.

मलप्रभेकाठी

तो प्रश्न रास्त आहे, पण त्याच्यामागे गेलात तर किशोर कादंबरी राहणार नाही. त्याच पाण्यावर खालच्या भागातली शेती उभी आहे आणि बेळगाव शहराला पिण्याचे पाणीही हिडकलहून येते. वडगावातल्या मुक्ताच्या घरचा नळ म्हणजे आज्जीच्या माहेरचे पाणी, एवढे एक वाक्य कुठे तरी आले तर पुरे. गाढव ठेवायला माझी हरकत नाही. आणि ही चर्चा धरणांवरून सीमाप्रश्नाकडे वळण्यापूर्वी सर्वांनी गोष्टीकडेच लक्ष ठेवावे, ही विनंती. त्या विषयाचे धागे इथे पुष्कळ आहेत.

वडगावची विणकर

नळाचे वाक्य वाचून मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून बघत राहिले. इतकी वर्षे ते पाणी पिते आहे आणि मला हे सुचले नव्हते.

आता माझे निर्णय सांगते. गाव कल्पित, धरणाला नाव नाही. घंटा काढली. मांत्रिक येणार नाही. त्याच्या जागी यात्रेच्या आधी गावात वार पाळतात तो प्रसंग घालते. त्या दिवशी शेतात कोणी जात नाही, सगळीकडे शुकशुकाट असतो, आणि म्हणूनच दोन्ही मुलांना तळाकडे उतरताना कोणी पाहत नाही. गद्धेगाळ ठेवते, पण शाप म्हणून नाही, वाटेची खूण म्हणून.

उलगड्याबद्दल माझे असे ठरले. पहिल्या दोन हाका धनगराच्या. त्याला लहानगा नातू आहे आणि तो अंधारात वाटेवरून चुकू नये म्हणून आजोबा हाका मारतात, हे मुले बसूच्या वहीवरून शोधून काढतात. वाचकाने इथे सुस्कारा सोडावा. मग तिसऱ्या रात्री मुक्ता रुतते आणि हाक पुन्हा येते. तेव्हा धनगर पलीकडे नसतो. तो सकाळीच मेंढरे घेऊन गेल्याचे मुलांनी स्वतः पाहिलेले असते. ही एक हाक मी उलगडणार नाही. सुधारलेला उतारा देते, निर्दयपणे वाचा.

‘मुक्ताने दुसरा पाय टाकला आणि तो थांबलाच नाही. खापरी मोडल्याचा आवाज झाला, मग नुसतेच गार गार काही तरी पिंडरीवर चढत गेले. समोर, तीस पावलांवर, आज्जीच्या घराचा चौथरा दिसत होता. उंबऱ्याचा दगड अजून जागेवर होता. दारी. तिने पाय ओढला. दुसरा पाय खाली गेला.

“हलू नकोस,” बसू मागून म्हणाला. तो दगडाच्या गाढवापाशी उभा होता, वाटेवर. “आडवी हो. आडवी हो की!”

“बा तिथं हाय.”

“कोण?”

तेव्हा हाक आली. पाण्याकडून नाही, मागून, वाटेकडून. दारी. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग, कोणी तरी हात पुढे करून म्हणावे तसे, बा.

बसूने मागे वळून पाहिले. वाट पांढरी, रिकामी, वसाहतीपर्यंत सरळ गेलेली होती. “ये म्हणायलंय,” तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “घरातलं माणूस बोलावतं तसं. वाटेवर ये म्हणायलंय, मुक्ते.”

मुक्ता पोटावर आडवी झाली. गाळाला माशांचा आणि जुन्या शेणाचा वास येत होता. ती चौथऱ्याकडे पाठ करून सरकू लागली.’

अंगणातली शाळा

मला काहीही बदलावेसे वाटत नाही. फक्त एक विचारते : बसूला ती हाक कन्नडमध्ये ऐकू आली आणि मुक्ताला मराठीत, पण ती दोघांनाही वाटेकडूनच आली. म्हणजे हाक मारणारे बा असतील तर ते मुक्ताच्या पाठीशी उभे होते, घरात नव्हते. हे आपण मुद्दाम केले आहे ना?

वडगावची विणकर

मुद्दाम केले असे म्हणायला मला आवडले असते. आधी हाक चौथऱ्याकडूनच येत होती. कौलारू घर यांनी गाळाचे लिहिल्यावर लक्षात आले की चौथऱ्याकडून हाक मारणारे भूत लेकीला गाळात ओढेल, आणि तसला बा मला नको होता. म्हणून दिशा बदलली.

फिरता फळा

मागून वाटेच्या बाजूने आलेला आवाज पाण्यावरून आलेला असू शकत नाही. त्यामुळे माझे थंड हवेच्या थराचे स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही, हे मी शिक्षक म्हणून प्रमाणित करतो. बसूच्या वहीत त्या रात्रीच्या रकान्यात काय लिहिले आहे, तेवढे मात्र दाखवा.

वडगावची विणकर

वारा : नाही. चंद्र : अर्धा. वेळ : विसरलो.

हुक्केरीचा पाहुणा

काल रात्री हा उतारा आईला वाचून दाखवला. तिला मराठी बोलता येत नाही, पण सगळे कळते. तिच्या मावशीचे गाव असेच पाण्यात गेलेले. शेवटपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, चौथऱ्याच्या मागे चिंच पाहिजे होती, आता नुसता खुंट असेल, पण पाहिजे.

वडगावची विणकर

खुंट घातला. बसू त्याला देव्व म्हणतो, मुक्ता हात जोडते.